स्कॉलरशिपवर कसला आलाय टॅक्स?

बहारीनच्या जुन्या मंडळींनो, आज सकाळी धाकट्या भावाचा तिथूनच, उम्म अल हस्सम भागातून, फोन आला. लेकीला अमेरिकेत स्कॉलरशिप मिळाली म्हणून खूश होता. मी टॅक्सचं विचारलं तर हसला. "ताई, स्कॉलरशिपवर कसला आलाय टॅक्स?"

हेच वाक्य सत्त्याऐंशी साली बाबांच्या पत्रात होतं.

बाबा रत्नागिरीचे, मनामात ड्रायव्हर. बहारीनमध्ये पगार पुरा हातात पडायचा, टॅक्सचा फॉर्म त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मी अमेरिकेत शिकत होते. कॉलेजातून फॉर्म आला तेव्हा मी त्यांनाच विचारलं. त्यांनी लिहिलं, "स्कॉलरशिपवर कसला आलाय टॅक्स? तो काय पगार आहे? उगाच फॉर्म भरून नाव पुढे करू नकोस."

मी फॉर्म टाकून दिला.

पुढच्या वर्षी नोटीस आली. फीच्या पैशांवर टॅक्स नव्हता, पण राहण्या-जेवणाचे पैसे माझं उत्पन्न धरले होते. वर दंड. घरी यायच्या तिकिटाचे पैसे त्यात गेले, आणि त्याच महिन्यात बाबांना हॉस्पिटलात ठेवलं.

फोनवर मी म्हटलं, "परीक्षा आहे." खरं कळलं असतं तर बाबा स्वतःलाच दोष देत राहिले असते. ते म्हणाले, "अभ्यास कर. इंशाल्ला भेटू."

भेट झाली नाही.

आज हे पहिल्यांदा भावाला सांगितलं. तो म्हणाला, "आई अजून सगळ्यांना सांगते, हिला बापापेक्षा परीक्षा मोठी."

आई पंच्याऐंशीची आहे. तुम्हीच सांगा, तिला आता खरं सांगू, की बाबांची चूक माझ्याच माथी राहू दे?