गार्डला सांगितलेलं कोणार्क

दरवर्षी नवा वर्ग हाती आला की पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. मुलांना गोष्ट सांगते. मी दहा वर्षांची असताना कोणार्कच्या सूर्यमंदिरात एका गार्डला मंदिराची सगळी माहिती खडाखडा म्हणून दाखवली, आजूबाजूला माणसं जमली, टाळ्या वाजल्या, आणि त्या दिवसापासून मी इतिहासाची झाले, अशी ती गोष्ट. भिलाईच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले तेव्हापासून ती सांगत आले आहे. मुलांना आवडते. मलाही फार आवडायची. मागच्या हिवाळ्यात मला कळलं की गार्ड खरा होता, टाळ्याही खऱ्या होत्या, पण मला तिथे कशासाठी उभं केलं होतं ते मलाच माहीत नव्हतं.

माझे वडील भिलाईच्या पोलाद प्लांटच्या प्रयोगशाळेत होते. वर्धेकडून आलेले, शिक्षण बेताचं, पण लोखंड म्हटलं की त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोलती बंद. त्यांच्या खिशात कायम एक लहान लोहचुंबक असे. नागपूरला कुणाच्या लग्नाला गेलो तरी आहेरातल्या भांड्यांना ते गुपचूप चुंबक लावून स्टील अस्सल आहे का ते बघत आणि आईकडे बघून मान हलवत. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमच्याशी मात्र ते फारसं बोलत नसत. ड्यूटीवरून आले की चहा, पेपर, रेडिओवरच्या बातम्या. मी वर्गात पहिली आले तरी "बरं" एवढंच म्हणायचे. म्हणून त्या वर्षी जे घडलं ते मला नवलच वाटलं.

प्लांटमधल्या लोकांना फिरायला जायची सवलत मिळे, एलटीसी. प्लांटच्या वसाहतीत आमच्या सेक्टरमधली बहुतेक घरं ती देवाच्या दारी खर्च करायची. शेजारचे तिरुपतीला जाऊन आले, समोरचे वैष्णोदेवीला. आमच्या बाबांनी कोणार्क काढलं. आई म्हणाली, ज्या देवळात पूजाच होत नाही तिथे कशाला जायचं? मग तोड निघाली, की आधी पुरीला जगन्नाथ आणि मग कोणार्क. आई खूश झाली. आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली, समोर बसवलं आणि दोनशे पानी वही उघडून म्हणाले, "लिही."

दोन महिने रोज संध्याकाळी बाबा आणि मी. ते सांगायचे, मी लिहायचे, मग पाठ म्हणायचे. हिंदीत, कारण तिथे मराठी कुणाला कळणार? हे मंदिर म्हणजे सूर्याचा रथ. चोवीस चाकं, सात घोडे. मुख्य शिखर पडलं, समोरचा मंडप उरला. मंदिर पडलं तेव्हा त्याच्या पोटातून लोखंडाच्या लांबच लांब तुळया निघाल्या, त्या आवारात ठेवल्या आहेत, आणि शेकडो वर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहूनही त्या गंजून पार कुजलेल्या नाहीत. चुकले की बाबा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. "थांबायचं नाही मधात. कोणी काही इचारलं त सांगायचं, पण थांबायचं नाही." शेजारच्या मुली बाहेर लंगडी खेळायच्या आणि मला त्याचं काही वाटत नसे. बाबा माझ्याकडे बघत होते. पूर्ण एक तास, फक्त माझ्याकडे.

पुरीचं मला फारसं आठवत नाही. कोणार्क मात्र एकेक दगडासकट आठवतं. आमच्याबरोबर बसमध्ये आणखी बरीच कुटुंबं होती. भिंतींवरची काही शिल्पं दिसताच सगळ्या आयांना एकदम घोडे आठवले आणि त्यांनी मुलांना ओढत ओढत घोड्यांकडे नेलं. "घोडा पाय, घोडा पाय," म्हणजे घोडा बघ, असं आमची आई मला सांगत होती आणि स्वतः मात्र मागे वळून बघत होती. बाबांनी चाकांकडे, घोड्यांकडे नजरसुद्धा टाकली नाही. ते सरळ त्या तुळयांकडे गेले. चबुतऱ्यावर ओळीने ठेवलेल्या तुळया, काळपट तपकिरी, काही आमच्या क्वार्टरच्या अंगणापेक्षा लांब. त्यांच्याजवळच लाकडी स्टुलावर खाकी कपड्यातला गार्ड बसला होता. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा ठेवला असेल. म्हणाले, "जा, त्याले सांग. तुले सगळं येते हे त्याले दिसू दे."

मी गेले आणि सुरू झाले. "यह मंदिर सूर्य भगवान का रथ है..." गार्ड आधी हसला. मग उठून उभा राहिला. मग माझ्याबरोबर चालत मंडपाकडे आला, कारण मी चाकाकडे बोट दाखवून सांगत होते आणि त्याला ते चाक माझ्या बोटाच्या दिशेने बघायचं होतं. त्याने मध्येच विचारलं, घोडे कितने? मी म्हटलं, सात. माणसं जमली. मी थांबले नाही. संपलं तेव्हा टाळ्या वाजल्या आणि गार्डने माझ्या डोक्यावर हात ठेवून ओडियात काहीतरी म्हटलं. आशीर्वादच असणार. मी वळून बाबांकडे पाहिलं. ते तुळईच्या टोकाशी उभे होते आणि हसत होते. एवढे मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यासाठी.

त्या हसण्यावर माझा सगळा जन्म उभा राहिला, हे मी अतिशयोक्ती न करता सांगते. मी इतिहास घेतला. बाबांच्या ओळखीच्या सगळ्यांच्या मुलांनी इंजिनीअरिंग घेतलं तेव्हा मी इतिहास घेतला. पुढे सांचीला गेले, अजिंठ्याला गेले, हम्पीला दोनदा गेले. जागतिक वारसा म्हणून पाटी लावलेल्या ज्या ज्या ठिकाणी पोहोचता आलं तिथे मी शाळेची मुलं घेऊन गेले. आणि दर ठिकाणी एकाच गोष्टीवर भांडले, हात लावू नका. अजिंठ्यात एका मुलाने भिंतीला नुसतं नख लावलं तर मी त्याला बसपर्यंत ऐकवत आणलं होतं. हे तुझं नाही, माझं नाही, आपल्यानंतर येणाऱ्यांचं आहे. मुलं कंटाळायची. मला पक्कं माहीत होतं की हे सगळं मी बाबांकडून शिकले.

कोणार्क मला नीट कळलंही बाबांमुळेच. लोक तिथली शिल्पं बघतात, फोटो काढतात आणि येतात. आम्ही भिलाईची माणसं, आम्हाला ती तुळई दिसते. बोटभर जाडीचे तुकडे तापवून, ठोकून, एकाला एक जोडत कुणीतरी एवढी लांबी केली. भट्टी केवढी असेल, घण किती जणांनी मारला असेल, आणि एवढं करून ती तुळई दगडात गाडून टाकायची, कुणालाही न दिसेल अशी. आमच्या सेक्टरमध्ये असलीच माणसं राहायची. त्यांच्या हातचे रूळ देशभर गेले आणि त्यांचं नाव कुठेच आलं नाही. हे मी वर्गात सांगते तेव्हा ज्यांचे आजोबा प्लांटमध्ये होते ती मुलं ताठ बसतात. वारसा म्हणजे काय, हे मला व्याख्या करून कधी सांगावं लागलं नाही.

तर मागचा हिवाळा. बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत, आई जाऊन बरीच वर्षं झाली. क्वार्टर सोडल्यापासून ते दुर्गला मोहन नगरात राहतात आणि मी रविवारी जाते. त्या रविवारी प्रयोगशाळेतले त्यांचे जुने सोबती आले होते. आमचे काकाच ते. दोघे ओसरीत उन्हाला बसले होते, मी आत चहा करत होते. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या गुप्त गोष्टी चौथ्या घरापर्यंत जातात. मी बोलता बोलता सांगितलं होतं की यंदा आठवीची मुलं कोणार्कला नेते आहे. तेवढ्यावरून काका सुरू झाले.

"सांगतलं का तू पोरीले कधी?"

"कावून सांगू? आता झालं ते झालं."

"लेका, त्या तुळईजवळ गार्ड बसते हे म्याच तुले सांगतलं होतं. मले त हात लावू देल्ला नाही त्यानं. तू पोरगी उभी केली. काय डोकं चालवलं होतं पाय!"

आणि दोघे हसले. चहा उतू गेला.

मी बाहेर येऊन विचारलं तेव्हा काकांनी मजेत सगळं सांगून टाकलं. त्या लोखंडात काय आहे, ते कुजत का नाही, यावर दोघांची पैज लागल्यासारखी चर्चा वर्षभर चालली होती. नमुना पाहिजे होता. चष्म्याच्या डबीत बाबांनी करवतीच्या पात्याचा तुकडा नेला होता. मी गार्डला चाकापर्यंत घेऊन गेले तेवढ्या वेळात त्यांनी तुळईच्या टोकाचा गंजाचा पापुद्रा आणि त्याखालची लोखंडाची कपची काढून घेतली. आईने ती रुमालात बांधून दशम्यांच्या डब्याखाली ठेवली. म्हणजे आईलाही माहीत होतं. मरेपर्यंत मूग गिळून बसली.

"मग काय निघालं त्यात?" मी विचारलं. 

बाबा ओशाळले. "तपासलंच कुठं. सायेबानं इचारलं असतं, कुठून आणलं म्हणून. भेव वाटलं. मंग कपाटात पडून राहिलं. क्वार्टर सोडलं तवा भंगारवाल्याच्या पोत्यात गेलं असन."

भंगारवाला! सातशे वर्षं खाऱ्या वाऱ्याला दाद न दिलेलं लोखंड भिलाईच्या कॅम्प वस्तीतल्या कुठल्याशा भंगाराच्या ढिगात, फुटक्या बादल्यांबरोबर. तळपायाची आग मस्तकात गेली. काकांना उठावंसं वाटलं आणि ते उठले. मी त्यांना थांबवलं नाही, चहाही दुसरा केला नाही.

खरं सांगायचं तर राग त्या कपचीचा नव्हता. कपचीवर मी इतिहासाची बाई म्हणून ओरडले असते, दोन रविवार अबोला धरला असता आणि मग प्रकरण मिटलं असतं. मला ते दोन महिने परत मोजावेसे वाटत होते. दोनशे पानी वही, "थांबायचं नाही मधात," पाठीवरचा हात. त्यातला प्रत्येक क्षण मी जपून ठेवला होता, आणि तो प्रत्येक क्षण गार्डच्या डोळ्यांत धूळ फेकायची तालीम होती. त्या भल्या माणसाने मला आशीर्वाद दिला होता. माझं बोलणं ऐकायला तो जागेवरून उठला, आणि त्या उठण्याचाच बाबांनी फायदा घेतला. बापाने मला फसवलं, आणि माझ्या हातून त्यालाही फसवलं. दहा वर्षांच्या पोरीला हे कळणार नव्हतं, म्हणूनच तर तिला उभं केलं. हे कुणी परक्याने केलं असतं तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

काका गेल्यावर मी बाबांच्या समोर वेताचा मोडा ओढून बसले. एकच गोष्ट विचारायची होती.

"बाबा, मी तिथे बोलत होते ते तुम्ही ऐकलं का?"

 खोटं बोलायला त्यांना जागा होती. मी मनातल्या मनात म्हणत होते की बोला, आज खोटं बोला, मी मानून घेईन.

"नाही वं बाई," ते म्हणाले. "माझं ध्यान त्या पात्याकडं होतं. तुहा आवाज येऊन राहिला होता, तो बंद झाला की थांबायचं, एवढंच पायत होतो म्या."

 त्यांना बहुतेक माझ्या तोंडावरून काहीतरी दिसलं असावं. त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढलं. एरवी ते लावा म्हणून मी महिनोन् महिने मागे लागते. त्यांनी ते कानात बसवलं, पुढे वाकले आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"सांग आता," ते म्हणाले. "आता ऐकून राहिलो मी."

यह मंदिर सूर्य भगवान का रथ है. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मला सगळं पाठ होतं, आजही आहे. बाबा वाट बघत होते. मी तोंड उघडलं नाही.