पुतळोबांच्या डोक्याचे फोटो

मेंदूचे नकाशे काढणाऱ्या त्या संस्थेत शिपायाला सगळे पुतळोबा म्हणायचे, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. स्कॅनच्या नळीत माणसाला पाऊण तास निपचित पडून राहावं लागतं. कानाशी लोहाराचं दुकान मांडल्यासारखी ठकठक चालते. कुणाला नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटते, कुणाला रडू फुटतं, कुणी हातातला रबरी फुगा दाबून बाहेर काढायला लावतं. पुतळोबा मात्र आत गेले की पापणीसुद्धा जपून हलवायचे. त्यामुळे मशीन नीट चालतंय का हे बघायचं असलं, की संस्थेच्या प्रमुख मोठ्या मॅडम त्यांनाच आत घालायच्या.

"हा आमचा नमुना," त्या पाहुण्यांना सांगायच्या. "निरोगी मेंदू कसा असतो, ते यांच्याकडे बघून शिका."

दरवर्षी एक स्कॅन, असं बारा वर्षं चाललं. पहिल्याच वर्षी मॅडमनी त्यांना एक फोटो छापून दिला होता. बाजूनं दिसणारं डोकं, आत अक्रोडासारखा मेंदू आणि पुढं त्यांचं पोपटाच्या चोचीसारखं नाक. पुतळोबांनी तो घरी आरशाशेजारी लावला. चौथीपलीकडं शाळा न पाहिलेला माणूस, पण दाढी करताना ऐटीत म्हणायचे, "डोकं आहे मला. पुराव्यानिशी आहे."

"वापरलं नाही ना दादा, म्हणून कोरं करकरीत राहिलंय," धाकटा भाऊ म्हणायचा. तो बिनलग्नाचा होता, मागच्या खोलीत राहायचा. छत्र्या आणि बॅगांच्या चेन दुरुस्त करून पोट भरायचा. दादावर जीव टाकायचा आणि दादाची टिंगल केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

नवव्या वर्षी घराची कागदपत्रं हरवली. पुतळोबांनी कपाट उपसलं, गाद्या उलट्या केल्या, आणि तिसऱ्या दिवशी धाकट्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कुठं ठेवलीस?"

"आईची शपथ दादा, मी बघितलीसुद्धा नाहीत. तूच कुठंतरी ठेवली असशील. हल्ली तू किल्ल्या विसरतोस, परवा माझंच नाव—"

"मी?" पुतळोबांनी आरशाशेजारच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे डोकं मोठमोठे डॉक्टर नमुना म्हणून दाखवतात. ते चुकेल का तुझी जीभ चुकेल?"

बायको मध्ये पडली, तर तिलाही त्यांनी ढकललं. धाकट्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि तो गेला. दोन वर्षांनी परगावाहून फोन आला, तो भाड्याच्या खोलीत वारला होता. शेजाऱ्यांना तिसऱ्या दिवशी कळलं होतं. पुतळोबा म्हणाले, "चोराच्या मातीला मी जात नाही." बायको एकटी गेली.

बाराव्या वर्षी संस्थेत बाहेरचे डॉक्टर आले, मॅडमचं व्याख्यान होतं. पुतळोबा पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन मागच्या दारानं सभागृहात शिरले. दिवे मालवलेले होते. पडद्यावर ओळीनं बारा डोकी होती. प्रत्येकाला तेच चोचीसारखं नाक.

"सहाव्या वर्षी इथं पहिली घट दिसते," मॅडम काठीनं दाखवत होत्या. "हा आठवणी साठवणारा भाग. पुढं दरवर्षी आकसत गेलेला. विशेष म्हणजे या व्यक्तीला कल्पना नाही. त्यामुळं औषधांचा, काळजीचा, कशाचाच परिणाम यात मिसळलेला नाही. इतकी स्वच्छ मालिका सहसा मिळत नाही."

टाळ्या पडल्या. पुतळोबांनी ट्रे टेबलावर ठेवला. एकही ग्लास वाजला नाही.

सगळे पांगल्यावर त्यांनी मॅडमना गाठलं. "ते माझं नाक होतं."

मॅडम थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वर्षीच तुम्ही संमतिपत्रावर सही केली होती. निष्कर्ष कळवले जाणार नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलंय."

"पण सहा वर्षं मॅडम? रोज चहा आणून देत होतो मी तुम्हाला."

"सांगून काय झालं असतं? यावर इलाज नाही."

पुतळोबांना काहीतरी म्हणायचं होतं. ओठांशी आलं आणि निसटलं. त्यांनी नुसती मान हलवली. मॅडमना वाटलं, पटलं.

पुढच्याच आठवड्यात ते खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मशीनच्या खोलीत निघाले होते. आतलं लोहचुंबक लोखंड गोळीसारखं ओढून घेतं; मशीन चालवणाऱ्या पोरानं दारातच धरलं, म्हणून बचावले. मॅडमनी बायकोला बोलावून घेतलं. "इथं ठेवणं आता धोक्याचं आहे. नोकरी संपली समजा. स्कॅनला मात्र दर महिन्याला आणत जा."

बायकोनं संस्थेतलं त्यांचं लोखंडी कपाट रिकामं केलं. गणवेशाच्या मागं एक जाड पाकीट होतं. घराची कागदपत्रं. संस्थेच्या झेरॉक्स मशीनवर प्रती काढायला त्यांनी ती स्वतःच आणलेली. प्रतींच्या गठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'धाकट्याकडं द्यायच्या. मला काही झालं तर.'

बायकोनं वाचून दाखवलं. पुतळोबा कपाटाला धरून खाली बसले. "मला आधी कळलं असतं," ते म्हणाले, "तर मी स्वतःवर संशय घेतला असता. त्याच्यावर नसता घेतला." आणि तिथंच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, ते डोकं आपटू लागले.

घरी पोचेपर्यंत ते विसरले होते. रात्री जेवताना विचारलं, "धाकटा आला नाही अजून?" बायकोनं खरं सांगितलं. ते लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा रडले. असं आठवडाभर झालं. मग ती म्हणू लागली, "येईल."

स्कॅनला तिनं नेलं नाही. तेव्हा तीन महिन्यांनी मॅडम स्वतः घरी आल्या, हातात अर्ज. स्कॅन चालू राहावेत आणि मृत्यूनंतर मेंदू संस्थेला मिळावा. बायकोची सही हवी होती.

"यांच्या डोक्यात आता धाकटा जिवंत आहे का मेलेला?" बायकोनं विचारलं. "दिसतं का ते तुमच्या फोटोत?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तेवढं दिसत नाही."

"मग चालू लागा."

तेवढ्यात आतून पुतळोबा आले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, पण चेहरा फुललेला. "चला मॅडम, उशीर झाला." ते दाराकडं निघाले. बायकोनं हात धरला. त्यांनी तो पिरगाळला, इतका की मनगट कट्कन वाजलं.

"चोर आहेस तू! माझी कागदपत्रं तूच लपवलीस, आता नोकरी घालवतेस!"

मॅडम जिन्यावर थांबून बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून वही काढली, तारीख घातली, दोन ओळी लिहिल्या आणि त्या खाली उतरल्या.