गोठ्यातली नाचणी

गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी मी बोलणार आहे.

लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. साताऱ्यात आमच्या घरी बोटीतून आलेली लाल मिलो खात. कुबट वासाची ज्वारी ती, भाकरी थापतानाच चिरायची. पण सासरे कचेरीत कारकून, म्हणून ते म्हणे शहरातलं खाणं! माझं दुसरं बाळंतपण तिथं झालं आणि मला दूधच उतरेना. पोर रडून रडून काळंनिळं पडे. सासूबाई कापसाच्या बोळ्यानं त्याला पाणी घातलेलं म्हशीचं दूध पाजत आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणत, "हिच्या अंगातच काही नाही."

पहिल्या खेपेला मी माहेरी होते, पाटणच्या डोंगरात. आई रोज नाचणीची आंबील द्यायची, आमच्याच उतारावरच्या नाचणीची. तेव्हा चोळी भिजेपर्यंत दूध यायचं. म्हणून मी निरोप धाडला आणि आई मोटारीनं पोतं घेऊन आली.

"आवं विहीणबाई, पोरीला रोज आंबील द्या. आपल्या रानातलीच हाय."

"ठेवा," सासूबाई म्हणाल्या. आईची पाठ वळली तशी मला म्हणाल्या, "आमच्यात असलं डोंगरी धान्य खात नाहीत." पोतं गोठ्यात गेलं. नाचणी भिजवून म्हशीच्या आंबोणात पडू लागली. म्हैस तरारली. सासूबाई दुधानं भरलेली चरवी घेऊन हसत आत यायच्या आणि माझा जळफळाट व्हायचा.

एका दुपारी पोराचं रडणं ऐकवेना. सासूबाईंचा डोळा लागला होता. म्हशीसाठी भिजत घातलेली नाचणी मी पातेल्यात काढली, पाट्यावर वाटली, गाळली, गूळ घालून शिजवली. वाटी तोंडाला लावली तर दारात सासूबाई.

"म्हशीच्या तोंडचं काढून खातेस? लाज नाही वाटत?"

त्या घरात मी शिकवल्यासारखं शुद्ध बोलायची. त्या दिवशी विसरले. "न्हाई वाटत. माझ्या आईनं आणलंया. म्हशीला चालतंय, मग मला का न्हाई?" आणि त्यांच्याकडे बघत वाटी चाटूनपुसून संपवली. दुसऱ्या दिवसापासून कुणाला न विचारता रोज आंबील करू लागले.

दूध उतरलं. पोर बाळसं धरू लागलं. लांबलेल्या बारशाला बायका जमल्या, तर सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "नाचणी मीच चारली हो!"

चारली होती. म्हशीला.