बोईसर ते नॉर्वे, व्हाया झेरॉक्सचं दुकान

किस्से गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं एकाच खोलीत दर रविवारी एकाच गोष्टीसाठी तडफडायला लागली, की ते आपोआप साठतात. आमची खोली बोईसरला एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. खाली मशीन चालू झालं की वर टेबल थरथरतं. त्या टेबलाभोवती आम्ही परदेशी शिक्षणाची तयारी करतो.

आम्ही म्हणजे चौघं. सफाळ्याचा सचिन, घरी भातशेती, स्वतः मेकॅनिकल इंजिनियर. तारापूरच्या कॉलनीतला प्रशांत, वडील प्लांटमध्ये, मूळ गाव सांगलीकडे. मुरब्याची हेमांगी, मायक्रोबायोलॉजीची पदवीधर, घरी मासेमारी. आणि मी अमोल, एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. खोली मी मिळवली, तक्ते मी लावले, सगळ्यांच्या मागे मी लागतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्यातलं कोणीही अजून परदेशात गेलेलं नाही. पोहायला शिकवणारे आम्ही सगळे काठावरचेच!

*

पहिल्या रविवारी मी सगळ्यांना कागद दिले. ‘परदेशात का जायचंय, एका वाक्यात लिहा.’ हे स्वतःला माहीत नसेल तर पुढची सगळी तयारी फुकट, असं माझं ठाम मत.

सचिनने लिहिलं, ‘इथे बारा तासांची शिफ्ट करून नवीन काहीच शिकत नाही.’

प्रशांतने लिहिलं, ‘बाबांचे मित्र सारखं “पुढे काय?” विचारतात, ते बंद होईल.’

हेमांगीने दोन वाक्यं लिहिली. ‘अवेळी पाऊस आला की आमचे सुकत घातलेले बोंबील कुजतात. ते का कुजतात हे मी कॉलेजात शिकले, कसं थांबवायचं हे कोणी शिकवलं नाही.’ तिने नॉर्वेतला एक कोर्स शोधला होता. मासे टिकवण्याचं शास्त्र, दोन वर्षं.

मी उभाच राहिलो. परदेशात जायचं ते असं, प्रश्न घेऊन! नुसती डिग्री आणायला नाही! चांगल्या लॅब, वेगळ्या देशांतली मुलं, शिक्षकाला थेट ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची सवय... मी दहा मिनिटं बोललो.

सचिन म्हणाला, ‘झालं? चहा सांगू?’

चहा पिताना मी हेमांगीला विचारलं, घरचे काय म्हणतात.

‘बाबा हो म्हणाले.’

‘मग झालंच की!’

‘बाबा महिन्यातले वीस दिवस समुद्रावर असतात रे. घरात आयचं चालतं. तिचा हो नसेल तर मी जाणार नाय.’

‘आणि आय काय म्हणते?’

‘काहीच म्हणत नाय. तोच तर प्रॉब्लेम हाय.’

*

मग आम्ही एका एजंटकडे गेलो. एसी ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर सात देशांचे झेंडे. साहेबांनी मार्क विचारले नाहीत, विषय विचारला नाही. म्हणाले, ‘बजेट सांगा, देश मी सांगतो.’

सचिनने टर्बाइनच्या कोर्सबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, ‘हॉटेल मॅनेजमेंटला लगेच सीट आहे.’

हेमांगीने माशांचं सांगितलं. ते हसले. ‘मॅडम, मासे कशाला? एमबीए करा. मासे तर इथेच आहेत.’

हेमांगी उठत म्हणाली, ‘म्हणूनच!’

त्या दिवशी नियम केला. विद्यापीठाची स्वतःची वेबसाइट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. कोर्समध्ये काय शिकवतात, कोण शिकवतं, शेवटची तारीख काय, शिष्यवृत्ती कोणाला, हे स्वतः वहीत उतरवायचं. एजंटला विचारायचं ते फक्त एसी किती टनाचा आहे!

*

अर्जाला शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडची पद्धत ठरलेली. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’

प्रशांत मुळात लाजाळू. स्वतःची स्तुती करायची म्हणजे त्याला घाम फुटतो. आम्ही तिघांनी त्याला बसवून पत्र लिहून घेतलं. कष्टाळू, प्रामाणिक, चौकस, वर्गात नेहमी प्रश्न विचारणारा. ते घेऊन तो कॉलेजात गेला. सरांनी चष्मा लावला, पत्र सावकाश वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला.

‘वा! फारच गुणी मुलगा दिसतोय. कुठल्या बॅचचा?’

प्रशांत समोरच उभा होता.

दोष सरांना देऊन उपयोग नाही. तीन वर्षांत प्रशांत त्यांच्याशी एकदा बोलला होता, तेही हजेरी भरून घ्यायला. तेव्हापासून कॉलेजातली आमच्या मागची मुलं आमच्याकडे आली की मी पहिलं हेच सांगतो. दुसऱ्या वर्षापासून शिक्षकांना भेटत राहा, शंका विचारा, प्रोजेक्ट मागा. पत्र शेवटच्या महिन्यात मागायचं, ओळख आधी करायची.

*

दुसरा कागद म्हणजे हेतुपत्र. हा कोर्स मला का करायचाय, हे सांगणारा. सचिनचं पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण आहे.’

हेमांगीने विचारलं, ‘लहानपणी तुझ्या घरी कुठलं यंत्र होतं?’

‘भाताची गिरणी. तीपण शेजाऱ्यांची.’

‘काय करायचास तिथे?’

‘पट्टा सरकला की कणी जास्त पडायची. आजोबा शिव्या द्यायचे. मग मी पट्ट्याला हात लावून बघायचो कुठे ढिला आहे ते.’

‘अरे गाढवा, मग हेच लिही ना!’

त्याने लिहिलं. एक पान. मी वाचलेलं सगळ्यात चांगलं हेतुपत्र!

मग मला जोर आला. मी हेमांगीचं पत्र ओढलं. त्यात होतं, ‘माझे कुटुंब सागरी उत्पादनांच्या व्यवसायात आहे.’ मी भडकलो. ‘सागरी उत्पादनं? तुझी आय पालघरच्या बाजारात बसून सुकं विकते हे लिहायला लाज वाटते?’

ती शांतपणे म्हणाली, ‘तुझा अर्ज दाखव.’

माझ्या अर्जात माझे वडील ‘औद्योगिक सुरक्षा क्षेत्रात कार्यरत’ होते. ते एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत.

दोघांनीही कागद फाडले. पुन्हा लिहायला बसलो.

*

इंग्रजी बोलायची सवय व्हावी म्हणून मी फतवा काढला. दर रविवारी अकरा ते बारा फक्त इंग्रजी. मराठीचा एक शब्द नाही, हिंदीचा नाही.

पहिल्या दिवशी अकरा वाजले. अकरा वीस झाले. खालचे झेरॉक्सवाले काका धापा टाकत वर आले. चौघांचे चेहरे नीट बघितले आणि हळूच म्हणाले, ‘काय रे, भांडण झालं काय? आवाज नाय तुमचा!’

हेमांगीने वेगळा उपाय काढला. संध्याकाळी किनाऱ्यावरून चालायचं आणि फोनवर आपलंच बोलणं रेकॉर्ड करायचं. आज काय केलं, जाळं कसं विणतात, भरती कधी येते, सगळं इंग्रजीत. महिन्याभरात तिची जीभ सुटली. पण आयच्या नजरेत आलं.

‘कोन हाय तो?’

‘कोणी नाय गं आय. मी एकटीच बोलतंय.’

आय म्हणाली, ‘मंग तर जास्त काळजीचं हाय.’

*

तयारी नुसती कागदांची नसते. तिकडे स्वयंपाक, कपडे, आजारपण, सगळं आपलं आपण. म्हणून एका रविवारी खोलीवर शेगडी आणली. सचिनला म्हटलं, तू भात लाव. सात पिढ्या भात पिकवणारं घर! पण आमच्या या साहेबांनी दाणा कधी शिजवला नव्हता. वर कोरडा, मध्ये चिखल, खाली कोळसा.

त्याने घरी व्हिडिओ कॉल लावून आईला पातेलं दाखवलं. ती माउली बराच वेळ निरखत राहिली आणि म्हणाली, ‘कोंबड्यांना घालू नको हां. अंडी द्यायच्या बंद होतील.’

आता तो रोज घरी एक वेळचा भात लावतो. शेजारीण बघायला येते.

*

हेमांगीचा अर्ज गेला. पहिल्या चाळणीत निवडही झाली. फक्त ऑनलाइन मुलाखत राहिली. आय मात्र गप्पच! माझा धीर सुटला. कोणाला न विचारता मी पालघरच्या बाजारात गेलो.

आय सुक्या जवळ्याचा ढीग सारखा करत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सुरू झालो. लॅब, संशोधन, शिष्यवृत्ती, आत्मविश्वास, जग केवढं मोठं आहे, आपल्या पोरी कुठल्या कुठे जातील. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिने त्यांना जवळा दिला, माझं सगळं ऐकलं.

‘एवढं चांगलं हाय, तर तू का नाय गेलास?’

‘माझा अर्ज अजून...’

‘दोन वर्सं झाली तुझ्या त्या खोलीला.’

दोन वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज तपासतोय आणि माझा तसाच पडलाय, हे मला कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

तिने पाणी प्यायला दिलं. मग म्हणाली, ‘हिचा बापूस निघतो ना, तवा मी बोटीवर बर्फ किती चढवला ते बघते. बर्फावरून कळतं, किती दिवसांनी येनार. आनि तेवढ्याच दिवशी येतो. पोरीचं कशावरून कळायचं मला?’

दोन वर्षांचा कोर्स आहे, असं म्हणालो. ते मलाच पटलं नाही.

*

मुलाखत शुक्रवारी दुपारी होती. शुक्रवारी बोईसरला आमच्या खोलीची लाईट जाते, म्हणून ती घरूनच द्यायची ठरली. मुरब्यात हेमांगीच्या घरी रेंज फक्त मागच्या पडवीत येते. तिथे स्टुलावर लॅपटॉप ठेवला. इंटरनेट माझ्या फोनचं, म्हणून मी फोन वर धरून खांबाला टेकून उभा. समोर अंगणात दोऱ्यांवर बोंबील. आय पाठमोरी बसून वाळलेले काढत होती. तिला सांगितलं होतं, अर्धा तास आवाज करू नकोस.

पडद्यावर नॉर्वेच्या प्रोफेसरबाई आल्या. साधं इंग्रजी, हसरा चेहरा. हेमांगीचं सुरुवातीचं सगळं छान गेलं. मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या घरी मासा पुरता वाळला, हे कसं ओळखतात?’

हेमांगीने पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली. ओलाव्याचं प्रमाण, मोजायची पद्धत, यंत्राचं नाव. बाई मान हलवत होत्या, पण लिहीत काहीच नव्हत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘हो, पण तुमच्या घरी?’

हेमांगी अडखळली. मी खुणा करत होतो, ती बघत नव्हती.

‘काय विचारते ती?’ आय.

‘आय, गप!’

‘अगं, काय विचारते?’

‘बोंबील वाळला ते कसं कळतं, ते विचारते.’

आय उठली. एक बोंबील घेतला, लॅपटॉपपाशी आली, वाकली आणि पडद्याच्या तोंडाशी धरून मोडला. कट्!

माझ्या हातातला फोन पडता पडता राहिला. संपलं सगळं, असं वाटलं.

बाई पुढे झुकल्या. म्हणाल्या, ‘पुन्हा.’

आयने दुसरा घेतला, कमी वाळलेला. तो मोडला नाही, वाकला. ‘सांग तिला, हा अजून एक दिवस.’ हेमांगीने सांगितलं. बाई लिहायला लागल्या. मग त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला. बर्फाळ डोंगर, समुद्र आणि लाकडी मांडवांवर हजारो मासे टांगलेले.

आय पदर सावरून स्टुलापुढे खालीच बसली. ‘अगो बाय! शेपटीला बांधून उलटे टांगलेत. आमी तोंडात तोंड अडकवतो.’ ती फोटो निरखत राहिली. ‘उलटं टांगलं तर पोटातलं पानी खाली निथळत असंल. विचार तिला.’

हेमांगीने विचारलं. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर.

‘ऊन तर दिसत नाय. मंग वाळतात कशावर?’

थंड वाऱ्यावर, बाई म्हणाल्या.

‘पाऊस आला तर?’

बाई म्हणाल्या, तोच आमच्या कोर्सचा पहिला विषय.

आयने अजून चार प्रश्न विचारले. हेमांगी इकडचं तिकडे करत होती, आता न अडखळता. अर्धा तास केव्हाच उलटला होता. शेवटी बाई म्हणाल्या, ‘आमचं झालं. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?’

हेमांगीने आयला तेही सांगितलं.

आयने हातातला बोंबील टोपलीत टाकला. ‘विचार तिला, पोरीला कधी पाठवू?’

‘आय! अजून त्यांनी घेतलं नाय मला!’

‘ते त्यांचं ते बघतील. तू विचार.’