बिशपाचं नाणं आणि आम्ही तिघं

नाण्यांच्या नादाला लागलेल्या माणसाकडे नाणी कमी आणि किस्सेच जास्त साठतात. नाणी निदान कपाटात ठेवता येतात. किस्से मात्र लोक परत परत सांगायला लावतात, आणि आता मला खरंच कंटाळा आलाय.

आमचा ग्रुप तिघांचा. शाहूपुरीत फोटोफ्रेमचं दुकान चालवणारे रफिकभाई, गडहिंग्लजचा सर्जेराव आणि रिटायर होऊन मेसच्या डब्यावर एकटा जगणारा मी. माझा नाद अठराव्या शतकातल्या जर्मन बिशपांच्या चांदीच्या नाण्यांचा. तिकडे काही मुलखांत बिशप हाच राजा असायचा, नाणी त्याच्याच नावानं पडायची. अर्धं आयुष्य शोधून असं एकच नाणं हाती लागलं. एका बाजूला बिशप, दुसऱ्या बाजूला तलवार घेतलेला संत.

हे सगळं रफिकभाईंना तासभर समजावलं. ते फ्रेमला खिळे मारत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे प्रवचन बी त्योच देणार आणि कर बी त्योच घेणार? मग लोकांनी पळायचं कुठं?"

*

एकदा वजन करायला गुजरीत गेलो. सराफानं नाणं उलटसुलट करून पाहिलं. "चांदी झकास हाय. नातीचं पैंजण हुईल की."

मला नात नाही. नाणं घेतलं आणि बाहेर पडलो.

*

प्रदर्शनात मांडलं, तर एक बाई थबकल्या. बिशपाचे कुरळे केस खांद्यापर्यंत आलेले. "ही कुठली राणी?" मी म्हटलं, बिशप आहे. "असूद्या, ठसठशीत हाय," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तेव्हापासून मी माहितीचे बोर्ड लिहिणं सोडलं.

*

मग सर्जेराव फोटो काढायला म्हणून नाणं गावी घेऊन गेला. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले, नाणं काही येईना. फोन केला की 'उद्या'. माझा जीव टांगणीला! शेवटी एसटी धरून गडहिंग्लज गाठलं.

सर्जेराव नजर मिळवेना. त्याच्या आईला घरात सगळे अव्वा म्हणतात. अव्वानं नाण्यावरचा तलवारवाला बघितला आणि देवाचा टाकच समजून देव्हाऱ्यात बाकीच्या टाकांच्या रांगेत बसवला. हळदकुंकू वाहिलेलं. त्यात चिंचेनं घासून लखलखीत केलेला! जुन्या चांदीवरचा काळपटपणाच आम्हाला प्यारा, तो पार गेला. मला रडायचंच बाकी होतं.

हा देव नाही, माझं नाणं आहे, असं मी सांगितलं. अव्वानं सगळं ऐकून घेतलं, नाणं उचललं, पदरानं पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"न्या की. तुमचा हाय, तुमी न्या. पर तुमच्यात त्याला निवद कोण दावतंय?"

मी नाणं परत जागेवर ठेवलं.

आता दर रविवारी गडहिंग्लजची एसटी धरतो. अव्वा आधी बिशपाला निवद दाखवते, मग माझं ताट वाढते. रविवारचा डबा मी बंद केलाय.