उजवा कौल

आमचे गुरवकाका रोज सकाळी देवीशी भांडत. पूजा तेच करत, हार तेच घालत, पण एकीकडे तोंडाचा पट्टा चालूच. "पाऊस पाडलास तो पाडलास, आता जरा उघडीप दे ना! तुझंच लुगडं वाळत नाय." कोपरीच्या आमच्या गावदेवीला तेव्हा कुडाच्या भिंती होत्या आणि वर गळके पत्रे. पावसाळाभर काका आपली छत्री तिच्या डोक्यावर बांधून ठेवत आणि स्वतः पोतं पांघरून हिंडत. मी लग्न होऊन नवी नवी आले, तेव्हा छत्रीतली देवी पाहून मला हसू आवरेना. सासूबाईंनी चिमटा काढला. काका म्हणाले, "हसू दे गो तिला. देवी पन हसते माझ्यावर."

अडलंनडलं की लोक काकांकडे कौल लावायला येत. दोन फुलं पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. लग्नं, बैलांची खरेदी, घराची दिशा, सगळं त्या फुलांवर ठरे. काका मात्र आधी माणसालाच विचारत, "तुझ्या मनात काय हाय ते बोल. तिला कशाला उगाच ताप?" निम्मे लोक तिथूनच परत जात.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. ठाण्यात जो तो प्लॉट पाडून बंगले बांधायला निघाला होता. गाव आणि गोडी विहीर यांच्यामधली शेतं एका शेठनं घेतली. खाडीजवळचं आमचं गाव, बाकीच्या विहिरी मचूळ. पिण्याचं पाणी या एकाच विहिरीचं, तीही शेठच्या जागेत गेलेली, आणि नकाशात तिच्याकडे जायला वाटच नव्हती. नगरपालिकेनं सांगितलं, आधी गावाची संमती आणा. म्हणून शेठ एके दिवशी पेढे घेऊन देवीपुढे बैठकीला आले.

"तुमच्या देवीला संगमरवरी देऊळ बांधून देतो," शेठ म्हणाले. "कळसासकट. तुम्ही फक्त संमती द्या."

म्हातारी मंडळी विरघळलीच. देवळाला नको कोण म्हणणार? आणि देऊळ झालं की सगळ्यात जास्त सुख कोणाला, तर काकांना. पण तेच मध्ये बोलले, "आन विहीर?"

"भरा की पाणी! मी कशाला अडवीन?"

"तुमी नाय अडवनार, शेठ. तुमच्या बंगल्यात ऱ्हायला येल तो अडवंल. वाट नकाशात दावा. विहीर गावाची म्हनून लिवून द्या, आन तुमची भिंत तिच्या पलीकडनं घ्या."

शेठचा चेहरा उतरला. वाट आणि विहीर सोडायची तर त्यांचे दोन प्लॉट जात होते. ते म्हणाले, "मग देऊळ जमणार नाही. एक काय ते मागा."

बैठकीत कल्लोळ झाला. देवीच्या तोंडावर देऊळ नाकारायचं म्हणजे पाप, असं पुरुषांचं म्हणणं. आम्ही बायका मागे उभ्या होतो. हंडे आमच्या डोक्यावर, पण विचारतो कोण? मला इतका राग आला होता की पेढा तसाच मुठीत चुरला. शेवटी कोणीतरी म्हणालं, देवीलाच विचारा.

काकांनी फुलं लावली. "आये, तुझं देऊळ सोडून गावासाठी वाट आन विहीर मागू का?"

उजवं फूल टपकन पडलं.

शेठ देवभोळे माणूस. देवीशी वाद घालण्याची त्यांची छाती नव्हती. नकाशावर वाट आली, कागद झाला, भिंत विहिरीच्या पलीकडून गेली. बंगल्यांना पुढे फाटक लागलं, पहारेकरी बसला. आम्ही मात्र आमच्या वाटेनं गप्पा छाटत पाणी भरत राहिलो. जाता-येता प्रत्येक बाई एक तांब्या देवीच्या पायांवर घाली. काका देवीला म्हणत, "बघ, किती मान वाढला तुझा!" आणि पत्र्यावर डांबर लावत बसत.

काही वर्षांनी काका अंथरुणाला खिळले. मी पेज घेऊन गेले, तर जवळ बोलावून म्हणाले, "बाय, त्या दिशी डाव्या फुलाला मी चांगलं पानी लावलेलं. उजव्याला जरा कमीच."

मला हसूच फुटलं. काका हसले नाहीत.

"सगळा जलम तिची पूजा केली, आन तिचं घर मीच घालवलं. रागावली असंल का गो?"

"रागावली असती तर विहीर आटवली नसती का, काका?"

"ते तू बोलतेस. ती कुठं बोलली?"

त्या पावसाळ्यातच ते गेले. मला फार रडू आलं, सख्ख्या बापासाठी आलं असतं तसं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून पाणी घेऊन येताना पाहिलं, देवीवर पाण्याची धार लागलेली. कोपऱ्यातली छत्री घेऊन मी तिच्या डोक्यावर बांधली. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून दोन फुलं हंड्यात बुडवली, दोन्ही सारखीच ओली केली आणि तिच्या खांद्यांना लावली.

"काकांना माफ केलंस ना?" मी विचारलं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. हवा अशी दमट, की एकही फूल हलेना. शेवटी मी जरा पुढे वाकले आणि उजव्या फुलावर हळूच फुंकर मारली.