ती खुंटी सोडून

नानामामा गेला त्या दिवशी पहिला फोन आला तो पोलीस ठाण्यातून, टोपीसाठी. सकाळी मामेभाऊ राजूने ‘बाबा गेले’ एवढंच कळवलं होतं. मी घाटकोपरहून रिक्षा पकडून पोहोचले, मामीजवळ टेकते न टेकते तोच राजूचा फोन वाजला. पलीकडचा शिपाई तरुण असावा, बिचारा अडखळत होता. “काका आहेत का? साहेब विचारत होते, ती टोपी परत मिळेल का... उद्या वरून व्हिजिट आहे.” राजूने सांगितलं की बाबा पहाटेच गेले. पलीकडून मग “अरेरे, वाईट झालं.” आणि मग, खोटं नाही सांगत, “मग टोपीचं कोणाशी बोलू?” राजूने फोन बंद केला. आज महिना उलटला. माणूस गेल्यावर चार चांगले शब्द लिहायचे असतात, ते मलाही कळतं. पण मला राग आलेला आहे आणि तो उतरलेला नाही, तेव्हा आधी तोच लिहिते.

मामाला आम्ही अरे-तुरेच करायचो. मूळचा कुडाळकडचा, मुंबईत येऊन पोलिसात शिपाई म्हणून लागला आणि हवालदार म्हणून निवृत्त झाला. नोकरीची बहुतेक वर्षं त्याने पूर्व उपनगरातल्या डोंगरालगतच्या एका छोट्या वसाहतीत काढली. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना नाव लिहूनही वाटणार नाही. मामा तिथे गेला तेव्हा ठाणं कुठलं, एका खोलीची कौलारू चौकी होती. कोठडी नव्हती. चोर पकडला की मोठ्या ठाण्यातून गाडी येईपर्यंत त्याला बाकावर मधे बसवायचं, दोन बाजूंना दोन शिपाई, आणि चहा आला तर तिघांना. फोन नव्हता, समोरच्या किराणावाल्याकडे होता. तो शेठ तक्रारदाराला आधी स्वतःच दोन प्रश्न विचारायचा, मग फोन पुढे करायचा. मामा हे सगळं सांगायला बसला की आम्ही भाचरं हसून लोळायचो. डोंगरावर खाण होती, खाणीखाली पत्र्यांची वस्ती, अलीकडे कारखान्याच्या चाळी. हळूहळू वसाहत वाढली, चौकीला जीप आली, चौकीचं ठाणं झालं. हा सगळा इतिहास मामाला पाठ होता, कारण तो त्याने जगलेला होता.

त्या चौकीत दाराशेजारी भिंतीला एक सागवानी फळी होती आणि फळीला लाकडी खुंट्या. प्रत्येक शिपायाची एक. तेव्हा त्यांची निळी वर्दी आणि पिवळी टोपी होती. ड्युटी संपली की टोपी खुंटीला, ड्युटी सुरू झाली की डोक्यावर. कोण कामावर आहे नि कोण नाही, ते दारातून फळीकडे बघूनच समजायचं. त्या फळीवर डावीकडून दुसरी खुंटी मात्र कायम रिकामी. बदलून आलेल्या प्रत्येक नव्या शिपायाला पहिल्या दिवशी जुना माणूस सांगायचा, “कुठेपण टांग, ती खुंटी सोडून.” कोणी लिहून ठेवलं नव्हतं, कुठल्या साहेबाचा हुकूम नव्हता. शिपाई बदलले, वर्दी खाकी झाली, टोपी बदलली, पण त्या खुंटीला कोणी ओला रुमालसुद्धा अडकवला नाही.

ती खुंटी शिवरामची. शिवराम म्हणजे मामाचा दोस्त, गाववाला, दोघं एकाच चाळीत राहायचे. एका पावसाळ्यात, रविवारी दुपारी, खाणीखालच्या वस्तीवर दरड आली. शिवरामची त्या दिवशी सुट्टी होती. मामाला जेवणाचा डबा द्यायला तो चौकीत आला होता, बनियन आणि लेंगा घालून. हाक ऐकली आणि डबा बाकावर ठेवून धावला. मामा मागोमाग. शिवरामने एका म्हातारीला बाहेर काढलं, मग एका बाळंतिणीला तिच्या बाळासकट, आणि पुन्हा आत शिरला तेव्हा वरून दुसरा लोंढा आला... मामा तिथेच होता. यापुढचं तो कधी सांगायचा नाही, आणि आम्हीही विचारायचो नाही.

मग चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबाने चौकीच्या दारातून आत पाहिलं आणि कागदावर लिहिलं की सदर शिपाई रजेवर होता, त्याची टोपी खुंटीला आढळली, सबब हा कर्तव्यावरील मृत्यू नव्हे. संपलं! ना मानवंदना, ना हुतात्म्यांच्या दगडावर नाव. शिवरामची बायको पोरांना घेऊन गावी निघून गेली. त्याची टोपी साहेबांनी सरकारी भांडारात जमा करून घेतली, तेवढं मात्र वेळेवर झालं. मामाने अर्ज केले, प्रत्येक नव्या साहेबापुढे उभा राहिला, निवृत्त झाल्यावरही जात राहिला. एकदा वैतागून मला म्हणाला होता, “टोपी खुंटयेर होती म्हणान तो ड्युटयेर नव्हतो! ह्यो खयचो न्याय गो?” वर्दी नसताना जो धावला त्याचं मोल वर्दीपेक्षा कमी कसं, हे त्याला मरेपर्यंत कोणी समजावून सांगू शकलं नाही. मलाही नाही समजलेलं.

गेल्या वर्षी जुनं ठाणं पाडलं आणि काचांची नवी इमारत उभी राहिली. तळमजल्यावर म्हणे ‘इतिहास दालन’ होणार. मामाला बोलावणं आलं. गाडी पाठवली, खुर्ची दिली, बिस्किटं दिली, साहेबांनी स्वतः सगळं ऐकून घेतलं. मामाने शेठचा फोन सांगितला, बाकावरचा चोर सांगितला आणि शिवराम सांगितला. एकच मागणं मागितलं, ती फळी जपा आणि ती खुंटी रिकामी ठेवा, खाली त्याचं नाव लिहा. साहेब म्हणाले, “काका, टेन्शन नका घेऊ. एकदम झकास करू.” मामा घरी आला तेव्हा मी होते. इतकं खूश मी त्याला राजूच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मामीला म्हणाला, “शिवरामाचा काम झाला बघ.” उद्घाटनासाठी त्याने सदरा इस्त्रीला दिला आणि मलाही यायला लावलं.

फळी जपली होती. पॉलिश करून, वर दिवे लावून, भिंतीवर मधोमध. आणि प्रत्येक खुंटीला एक पिवळी टोपी. प्रत्येक. डावीकडून दुसरीलासुद्धा. खाली पितळी पट्टीवर ‘ठाण्याच्या गौरवशाली शिपायांच्या टोप्या’. बाजूच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या अधिकाऱ्यांची नावं, पाहुण्यांची नावं आणि इमारतीच्या कंत्राटदाराचंसुद्धा नाव. शिवरामचं नाव कुठेच नाही. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, “मॅडम, एक खुंटी रिकामी बरी नाही दिसत ना. फोटोत गॅप येतो.” गॅप! ज्या टोपीवरून त्या माणसाचं मरण रजेवरचं ठरवलं, तशीच टोपी त्याच खुंटीला यांनी पुन्हा टांगली, तीही शोभेसाठी. चौकशीवाल्या त्या जुन्या साहेबाने निदान जे दिसलं ते लिहिलं होतं. यांना सगळं सांगितलेलं होतं, बिस्किटं खायला घालून ऐकलेलं होतं.

 भाषण चालू होतं, मामा उठला, फळीपाशी गेला आणि ती टोपी काढली. एक शिपाई धावत आला, “काका, हात नका लावू, डिस्प्ले आहे.” मामाने टोपी काखेत मारली आणि सरळ दाराबाहेर चालता झाला. मी मागे. रिक्षात म्हणाला, “मेल्यांनी परत त्याका रजेर धाडल्यानी.” एवढंच. 

दोन दिवसांनी घरी पोलीस आले. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या दारात पोलीस, टोपी जप्त करायला! सरकारी मालमत्ता म्हणे. मामीने शेजाऱ्यांसमोर त्यांना चहा दिला आणि मामाने टोपी उलटी करून आतलं लेबल दाखवलं. नाटकांना कपडे भाड्याने देणाऱ्या एका ड्रेपरीवाल्याचं नाव होतं त्यावर. पन्नास नाटकांत पन्नास डोक्यांवर बसलेली टोपी, आणि खाली लिहिलंय गौरवशाली! मला हसावं की किंचाळावं ते कळेना. मामा म्हणाला, “तुमच्या साहेबाक सांगा, माझ्या हयातीत ही परत जावची नाय.” पोरं खाली मान घालून गेली, पण फोन येत राहिले. मामा काही आठवड्यांनी गेला. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. डॉक्टर आपलं काम करतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या दिवसापासून तो जेवणावरून अर्धवट उठायचा, हे मामीला विचारा.

आणखी एक सांगायचं राहिलं. लहानपणी सुट्टीत आम्ही मामाकडे राहायला जायचो तेव्हा एक गोष्ट कायम दिसायची. मामा ड्युटीवरून आला की टोपी पिठाच्या डब्यावर ठेवायचा. दारामागे चांगल्या खुंट्या होत्या, तिथे छत्री, पिशव्या, मामीची पर्स, सगळं. टोपी मात्र स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. मामी रोज करवादायची, “टोपीला घरात दुसरी जागा नाही? पीठ लागतंय.” निवृत्तीनंतर लोकरीची कानटोपी आली, तीही डब्यावर. आम्हाला वाटायचं मामा विसरभोळा. शिवरामची हकिगत कळली तेव्हा ते डब्याचं कळलं. टोपी खुंटीला लावायची नाही, म्हणजे नाहीच.

परवा मी गेले होते. मामी पोळ्या करायला उठली. डब्यावर ती ड्रेपरीवाल्याची पिवळी टोपी होती. मामीने ती दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवली, पीठ काढलं, झाकण लावलं, पदराने पुसलं आणि टोपी होती तशी परत ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. ठाण्यातूनच. या वेळी मीच घेतला. तोच तरुण शिपाई, तसाच अडखळणारा. “मॅडम, टोपी देत नसाल तर साहेब विचारतात, त्या खुंटीला आता लावायचं काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “आधी काय होतं तिथे? तेच.”

तो मग हळूच, बहुतेक आजूबाजूला कोणी नाही बघून, म्हणाला, “नाव काय होतं हो त्यांचं?”

मी फोन मामीच्या हातात दिला. मामीने कणीक लागलेल्या हाताने तो कानाला लावला आणि त्याला शिवरामचं संपूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट आणि गावासकट.